नोटिशीबरोबर फिरलेलं मृत्युपत्र

मृत्युपत्र करायला वकील लागत नाही. वकील असून मी हे छापून सांगतेय म्हणून आमच्या धंद्यातली मंडळी नाकं मुरडतील, मुरडू देत. आयुष्यभर मुलुंडमध्ये बसून लोकांचे भाडेकरार, बक्षीसपत्रं आणि मृत्युपत्रं केली, आता काळा कोट कपाटात टांगून ठेवलाय, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही. साधा कोरा कागद चालतो. स्टॅम्पपेपर लागत नाही. हातानं लिहिलेलं चालतं, मराठीत चालतं. नोंदणी केली तर उत्तम, नाही केली म्हणून ते बाद होत नाही. माणूस सज्ञान आणि शुद्धीत असावा, त्याच्या डोक्यावर कुणी बसलेलं नसावं, खाली त्याची सही असावी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. झालं. एवढं सांगितलं की समोरचा माझ्याकडे संशयानं बघायचा. इतकं सोपं असेल तर ही बाई फी कसली घेते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

खरी गोम त्या साक्षीदारांत आहे. मृत्युपत्र करणाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत सही करायची, नाहीतर आधी केलेली सही दाखवून 'ही माझी' असं त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग त्या दोघांनी त्याच्यासमोर आपापली सही करायची. आत काय लिहिलंय ते साक्षीदारानं वाचायची गरज नसते. तो फक्त सहीचा साक्षीदार. पण हा क्रम चुकला की कागद कितीही मनापासून लिहिलेला असो, गेला. बोरिवलीचे एक गृहस्थ महागाचा स्टॅम्पपेपर आणून, नोटरीचा लाल शिक्का मारून आणून, लॅमिनेशन करून ठेवून गेले. साक्षीदार एकही नाही. त्यांची बायको तो चकचकीत कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, शिक्का आहे ना. मी काय करणार? गेलेल्या माणसाकडून परत सही घेता येत नाही. ती बाई उठून गेल्यावर मला त्या दिवशी दुसरं काम सुचलं नाही.

दुसरी गोम शब्दांची. आपल्या उपनगरातला कोकणी माणूस बऱ्याचदा 'घर' म्हणतो ते गावचं. मुंबईतला फ्लॅट ही त्याची 'जागा'. भांडुपच्या एका काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'घर मोठ्याला, जागा धाकट्याला.' साक्षीदार, तारीख, सह्या, सगळं झकास. काका गेल्यावर फ्लॅटमध्ये राहणारा मोठा म्हणाला, मी राहतो ते घर, आणि जागा म्हणजे गावची जमीन. धाकटा म्हणाला, अरे आयुष्यभर बाबा 'भांडुपची जागा' म्हणत आले, तू बहिरा होतास काय? दोघं माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना बोली मराठी शिकवत होते. त्यांच्या बायका एकमेकींशी बोलत होत्या म्हणून ते प्रकरण मिटलं, माझ्यामुळे नाही. तेव्हापासून मी पूर्ण पत्ता लिहिल्याशिवाय कुणाला पुढचं वाक्य लिहू दिलं नाही.

मोबाइलवर व्हिडिओ करून 'हेच माझं मृत्युपत्र' म्हणणारेही भेटले. तो कागदाच्या जोडीला बरा, कागदाऐवजी नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक हा तर आपल्याकडचा सगळ्यात लाडका गैरसमज. असो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमचा अनुभव लिहा' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आले ते घाडीकाका. नाव बदललंय, माणूस तोच आहे.

दत्ताराम घाडी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आमच्या म्हणजे ते वर दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि माझं ऑफिस खाली गेटाशी. औषधांच्या कंपनीत स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. माझी पाटी दोन इंच बाहेर येते म्हणून त्यांनी मला लेखी नोटीस दिली होती, आणि दिल्यावर चहाला वर बोलावलं होतं. असा माणूस. बायको लवकर गेली. मुलगा निखिल तेव्हा लहान. घाडीकाकांची धाकटी बहीण सुमन, तिनं लग्न केलं नाही, आणि निखिलला तिनंच वाढवलं. शाळेचा डबा, गोवर, दहावीचं टेन्शन, सगळं सुमनताईंनी काढलं. निखिल कॅनडाला गेला, तिकडेच लग्न केलं, तिकडेच नोकरी. घरात राहिली ही दोन म्हातारी भावंडं, कुठली मासळी घ्यायची यावरून रोज भांडणारी.

आता कायदा ऐका. घाडीकाका मृत्युपत्र न करता गेले असते तर फ्लॅट कुणाचा? निखिलचा, एकट्याचा. मुलगा असला की बहिणीचा नंबर लागत नाही. तिनं त्या घरात जन्म काढला असेल, पण कायदा ते विचारत नाही.

काकांना हे माहीत होतं. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि ते अ‍ॅडमिट झाले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्या दुपारी शेजारचे गालाभाई माझ्याकडे आले. गालाभाईंचं सोसायटीतच किराणा दुकान, आणि त्यांच्या भाडेकराराचं काम माझ्याकडे होतं. काम झाल्यावर ते उठेनात. मग हळूच विचारलं, मॅडम, कुठल्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली तर पुढे काही लफडं तर होत नाही ना?

मी म्हटलं, कुठला कागद? तर म्हणाले, घाडीकाकांचा. गेल्या आठवड्यात वॉचमन पाण्याची टाकी धुण्याची नोटीस घेऊन दारोदार फिरत होता, त्याच क्लिपबोर्डला खाली दुमडलेला आणखी एक कागद. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरीसाहेबांनी इथे पण सही घ्यायला सांगितलीय, तुमची आणि आपल्या बिल्डिंगमधल्या साळवे सरांची. गालाभाईंनी केली. पेन परत देताना वर 'साक्षीदार' असं दिसलं आणि त्याच्या वर 'मृत्युपत्र'. तेव्हापासून बिचारे मला विचारायची संधी शोधत होते. मी त्यांना एकच गोष्ट विचारली. तुमच्या सहीच्या वरती घाडीकाकांची सही होती का? ते आठवून म्हणाले, नाही, ती जागा कोरी होती.

मी पर्स उचलली आणि रिक्षा पकडली.

आता हे वाचून हसू येईल. मलाही रिक्षात येत होतं आणि रागही येत होता. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्या माणसाला विचारा, क्लिपबोर्ड दारात आला की आपण काय करतो. गॅसवर दूध असतं, हातात मोबाइल असतो, 'कुठे करू' म्हणतो आणि करतो. सेक्रेटरीची सही सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या झाल्यावर. घाडीकाकांनी अख्खी सोसायटी अशीच चालवली होती, आणि मृत्युपत्रही तसंच केलं.

हॉस्पिटलात काका उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, पाटीचं काय ते परत आल्यावर बोलू. मी सरळ विषयाला हात घातला. त्यांना आधी गालाभाईंचा राग आला, गुप्ततेचा भंग वगैरे. मग म्हणाले की कागद पूर्ण आहे, त्यांनी नंतर घरी बसून सही केली आहे, दोन साक्षीदार आहेत, 'कोरम आहे ना?'

मी त्यांना समजावलं की इथे कोरम चालत नाही. साळवे सरांना कोर्टात विचारतील, यांनी तुमच्यासमोर सही केली का? साळवे सर म्युनिसिपल शाळेत शिकवत होते, खोटं बोलणार नाहीत. म्हणतील, मला तर ती टाकीची नोटीस वाटली. मग संपलं. मी विचारलं, काका, मी खाली गेटाशी बसलेली असते, माझ्याकडे का आला नाहीत? ते खिडकीकडे बघत म्हणाले, तुमच्या ऑफिसात मी शिरलो की पाच मिनिटांत बिल्डिंगला कळतं, आणि बिल्डिंगला कळलं की सुमाला कळतं. तिच्यासमोर तो शब्द काढायची त्यांची छाती नव्हती. मृत्युपत्र. घरात नुसता कुणी म्हटला तरी ती देवापुढे दिवा लावायची. तिला न कळता तिची सोय करायची म्हणून हा माणूस कागद वॉचमनबरोबर फिरवत होता. माझा राग तिथेच गेला.

मग त्यांनी मला विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज सेक्रेटरीचा नव्हता. "म्हणजे उद्या मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो, तर सुमाला काहीच नाही?"

मी म्हटलं, "काहीच नाही, काका."

नेमक्या त्याच वेळी सुमनताई पेजेचा डबा घेऊन आत आल्या. माझा चेहरा, भावाचा चेहरा, आणि चादरीवर मी काढून ठेवलेले कोरे कागद. त्यांना सगळं कळलं. त्या माझ्यावर अशा बरसल्या की शेजारच्या खाटेवरच्या माणसानं टीव्हीचा आवाज कमी केला. उद्या माणसाच्या छातीवर सुरी चालणार आणि आज तुम्हाला हे अभद्र सुचतं, वकिलांना काही लाज आहे की नाही, दोन दिवस थांबता येत नाही. मी ऐकून घेतलं. बाई चुकीचं बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही वकिलाला हाकललं असतं.

घाडीकाकांनी तिला खाटेवर बसवलं. दोघं एकमेकांशी मालवणीत बोलायची.

"सुमा, माज्या मागे तू खंय रवतलंस?"

"खंय म्हणजे? घरात."

"घर माज्या नावार आसा गो. तुजा नाव खंयच नाय."

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ चेष्टा करतोय असं मी म्हणावं, याची त्या वाट बघत होत्या. मी मान हलवली. आपलं नाव कुठेच नाही, असं त्या बाईला खरंच कधी वाटलं नव्हतं. ते घर कुणाचं हा प्रश्नच तिला कधी पडला नव्हता, भिंतीला रंग कुठला लावायचा इथपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं तिनं बघितलं होतं. त्या बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिल्या, ते आधीच लागलेलं होतं. मग पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, काय करूक होया ता सांगा.

आणि सांगायच्या आधीच कामाला लागल्या. फोन काढला, साळवे सरांना लावायला निघाल्या. मला तो हातातून काढून घ्यावा लागला. ज्याला घर मिळणार त्यानंच साक्षीदार गोळा केले, कागद लिहायला तोच शेजारी बसला, की उद्या कुणीही म्हणतं, हिनंच आजारी भावाकडून लिहून घेतलं. मी त्यांना सांगितलं, ताई, तुम्ही बाहेर बाकावर जाऊन बसा, बोलावल्याशिवाय आत येऊ नका.

त्या पुन्हा भडकल्या. "घर माझं आणि मीच बाहेर?"

मी म्हटलं, हो, तुमचं राहावं म्हणूनच बाहेर. त्या गेल्या, आणि दाराकडे पाठ करून बसल्या.

साळवे सरांना आणि गालाभाईंना मी बोलावलं. तोवर काका सांगत गेले आणि मी लिहीत गेले. सुमनताई हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क त्यांचा, त्यांना कुणी बाहेर काढायचं नाही, त्या असेपर्यंत घर विकायचं नाही, त्यांच्यानंतर पूर्ण मालकी निखिलची. पूर्ण पत्ता घातला. शिवाय 'किंवा या फ्लॅटच्या बदल्यात जो फ्लॅट मिळेल तो' असंही घातलं. आपल्याकडे बिल्डिंगी पडतात, टॉवर उभे राहतात, आणि मृत्युपत्रात जुना फ्लॅट नंबर तसाच राहतो. मग नव्या फ्लॅटचं काय, यावर वकिलांची पोटं भरतात. आधीचं मृत्युपत्र रद्द, हेही लिहिलं. ड्युटीवरच्या डॉक्टरणीला विनंती केली, तिनं काकांना चार प्रश्न विचारले आणि पेशंट पूर्ण शुद्धीत आहे, त्याला सगळं समजतंय, असं लिहून दिलं.

तेवढ्यात कॅनडाहून निखिलचा फोन आला. तो विमानतळावर निघाला होता. मी हातानं नको नको करत होते, पण काकांनी फोन स्पीकरवर टाकून त्याला सगळं सांगून टाकलं. पोरगा दुखावला. म्हणाला, "बाबा, आत्या तिथे नाही राहणार तर कुठे राहणार? हे काय लिहून द्यावं लागतं?"

काका शांतपणे म्हणाले, "तू आज मनापासून म्हणतोस रे. लिहिलेलं असलं की उद्याही तेच म्हणायला सोपं जातं."

साक्षीदार आले. साळवे सर येताना चष्मा पुसत होते, ते फार खजील झाले होते. जन्मभर पोरांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' शिकवलं आणि स्वतः टाकीच्या नोटिशीवर मृत्युपत्राचे साक्षीदार झाले. मी सगळं पुन्हा मोठ्यानं वाचलं. काकांच्या बोटावरची ती ऑक्सिजन मोजायची चिमटी नर्सनं काढली. पेन दिलं. आणि घाडीकाकांनी काय केलं? पेन आणि कागद साळवे सरांच्या पुढे धरला. "तुम्ही करा, मी शेवटी करतो."

मी ओरडले नाही, एवढंच. म्हटलं, काका, आज सेक्रेटरी पहिला. ते ओशाळून हसले. मग प्रत्येक पानावर सावकाश, पूर्ण नावानं सही केली, आणि साळवे सर आणि गालाभाई दोघंही न सांगता जवळ येऊन वाकून बघत राहिले. मग त्यांनी केल्या. गालाभाईंनी सहीखाली तारीख, वेळ, सगळं टाकलं आणि मला विचारलं, अजून कुठे करू का?

मी बाहेर आले तर सुमनताई तशाच पाठ करून बसल्या होत्या. झालं म्हटल्यावर त्यांनी फक्त डबा उचलला आणि पेज गार झाली म्हणून पुटपुटत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. सर्जन बाहेर येऊन सांगेपर्यंत मी तिथेच होते, का ते विचारू नका. कागद पक्का झाला होता, माझं काम संपलं होतं. पण सर्जननं मान डोलावली तेव्हा मी सुमनताईंच्या शेजारी जाऊन बसले. आम्ही दोघीही रडलो. वकिलीच्या धंद्यात असं सहसा होत नाही, आमच्याकडे लोक उशिराच येतात. या वेळी वेळेत पोहोचलो, याचा आनंद मला अजून होतो. बरे झाल्यावर काकांनी तोच कागद रीतसर नोंदवून घेतला. घरी आल्यावर पहिला हुकूम काढला की यापुढे क्लिपबोर्डवर एका वेळी एकच कागद राहील. माझ्या पाटीची नोटीस मात्र त्यांनी मागे घेतली नाही.

त्यानंतर ते चांगली काही वर्षं जगले, आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. निखिल आला. तेरावं झाल्यावर तो माझ्याकडे आला, कागदपत्रांची फाइल घेऊन. साळवे सरांनी न विचारता सांगून ठेवलं होतं, कुठे लागलं तर मी येऊन सांगेन, त्यांनी माझ्यासमोर सही केली. पण लागलंच नाही. निखिलनं मृत्युपत्र वाचलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आणि मिटून ठेवलं.

"मॅडम, एक सांगू?" तो म्हणाला. "हे नसतं ना, तर मी विकलं असतं."

त्यानं पुढे सांगितलं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून एजंटांचे फोन त्याला कॅनडातही यायला लागले होते. बायको म्हणत होती, आत्याला इकडे आणू. आत्या तिकडे जाणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. मग एखादा चांगला वृद्धाश्रम, पनवेलच्या बाजूला, हवा चांगली असते. त्यानं इंटरनेटवर दोन-तीन बघूनही ठेवले होते.

"मी वाईट नाहीये," तो म्हणाला. "पण केलं असतं. आणि तिनं काही म्हटलंही नसतं. आता करायचा प्रश्नच नाही. मला इतकं सुटल्यासारखं वाटतंय."

तो रडत नव्हता. खांदे उतरले होते त्याचे, ओझं खाली ठेवल्यावर उतरतात तसे. मी त्याला पाणी दिलं. वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सुमनताईंची हाक आली, निखिल, जेवूक ये रे, कोलंबी गार होता. तो 'इलंय गो' म्हणाला, फाइल उचलली आणि घरी गेला.